खाली ती आहे

माझी ताई इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात मावशी आहे, आणि ‘गंज’ नावाच्या एका बँडची गादी आहे. यातलं पहिलं कुणालाही एका दमात समजतं. दुसरं समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

गंज हा पंक वाजवणारा बँड. म्हणजे चार जण होईल तितक्या जोरात आणि होईल तितक्या घाईने वाजवणार, आणि गाणारा सतत कुणावर तरी चिडलेला असणार: मालकावर, सरकारवर, बापावर, कधी समोर उभ्या असलेल्या लोकांवरही. त्यांच्या कार्यक्रमात बसून ऐकायची सोय नसते. खुर्च्या मांडल्या तर मोडतात. हे सगळं तुला आवडतं तरी का, असं मी ताईला एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली, “दिवसभर हळू बोलायचं, हळू चालायचं, दारसुद्धा हळू लावायचं. कुठेतरी मोठ्याने ओरडायला नको का गं?” मला काही ते पटलं नाही, पण ती खोटं बोलत नव्हती.

मी तिची धाकटी बहीण. कपड्यांचं अल्टरेशन करते. कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं. पहिल्या कार्यक्रमाला आईने मला तिच्यामागे पाठवलं होतं, लक्ष ठेवायला. आई गेली, लक्ष ठेवण्याचं वयही गेलं, तरी मी आपली जातच राहिले. भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि पुढे धिंगाणा घालायला जाणाऱ्यांच्या वस्तू सांभाळते. पूर्वी माझ्या पिशवीत लायटर, साखळ्या आणि कातडी जाकिटं असायची. आता चष्मे, कानातली मशीनं, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एकाची कवळी असते.

गादीची गोष्ट अशी. सायकलच्या दुकानाखाली एक तळघर होतं, तिथे गंजचा कार्यक्रम चालू होता. गाणाऱ्याला सगळे काडी म्हणायचे, कारण तेव्हा तो होताच तसा. शेवटच्या गाण्यात तो उलटा चालत होता. वायरमध्ये पाय अडकला आणि पठ्ठ्या पाठमोराच स्टेजवरून खाली आला. लोक पटकन बाजूला झाले. ताई झाली नाही. ती वॉर्डात नुकतीच लागली होती आणि पेशंट पडायला लागला तर काय करायचं ते तिला ताजं ताजं शिकवलं होतं. हात धरून थांबवायला जायचं नाही, त्याला छातीशी घ्यायचं आणि त्याच्यासकट खाली बसायचं. तिने तेच केलं. काडीने उरलेलं गाणं तिच्या मांडीवर बसून म्हटलं.

पुढच्या कार्यक्रमात त्याने तीच उडी मुद्दाम मारली. पाठमोरी, न बघता. ताई त्याच जागी उभी होती. तेव्हापासून तो रिवाजच पडला, आणि ताईला नाव पडलं गादी. त्याने मागे वळून बघायचं नाही, तिने “आहे” म्हणून आवाज द्यायचा नाही. वॉर्डात नेमकं उलट असतं. तिथे पेशंटला सांगितल्याशिवाय हातही लावायचा नाही असा नियम आहे, आणि ताई तो काटेकोर पाळते. पण इथे सांगितलं तर मग राहिलं काय, असं त्या दोघांचं म्हणणं. मला विचाराल तर दोघांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. पण तो मागे पडताना ताईचा चेहरा मी पाहिलाय. आमच्या घरात तो चेहरा तिने कधी आणला नाही.

मग गंज फुटला. कुणाचं लग्न, कुणाची दारू, कुणाचा ताठा, नेहमीचीच कारणं. बँडवाल्यांनी बरीच वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. चाहते मात्र भेटत राहिले. एकमेकांच्या घरची लग्नं, आजारपणं, मयती, सगळीकडे हीच टोळी हजर. त्यांचा पुढारी म्हणजे मास्तर. शाळेत भूमिती शिकवतात, अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि बाहीच्या आत गंजच्या पहिल्या अल्बमचं चित्र गोंदलेलं.

आणि यंदा बातमी आली की गंज परत एकत्र आला. नवा अल्बम, नाव ‘अजून आहोत’. त्यानंतर एकच मोठा कार्यक्रम.

पण अल्बमकडे जाण्याआधी शिलाई मशीनपाशी घडलेलं सांगायला हवं. त्याच सुमाराला ताईने आपले कामावरचे झगे माझ्याकडे आणून टाकले. डोक्यावरून घालायचे असतात ते. म्हणाली, “पुढून उघडे करून बटणं लाव. फॅशन आहे.” ताई आणि फॅशन! मी टेप घेतला आणि म्हटलं, “हात वर कर, छाती मोजते.” उजवा गेला वर. डावा खांद्याच्या खालीच अडकला, आणि तिच्या कपाळावर घाम आला.

डॉक्टरांकडे मी तिला अक्षरशः ओढत नेलं. खांद्यातला स्नायू हाडापासून फाटलाय, म्हणाले. आयुष्यभर माणसं उचलल्यावर होतं. आता वजन घ्यायचं नाही. ताईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. वॉर्डात कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर तिला भेटीच्या पासच्या खिडकीत बसवलं असतं. तुम्ही म्हणाल, बरंच की, बसून काम. पण कुणी जड पेशंट खाटेवरून खाली सरकला की अख्ख्या मजल्यावर “मावशीला बोलवा” अशी हाक जाते. ती हाक म्हणजे ताई होती. खिडकीत बसून तिने काय करायचं होतं?

तर अल्बम. आम्ही तो मास्तरांच्या घरी ऐकला, सगळे उभे राहून, कारण बसून ऐकणं म्हणजे त्यांच्या मते अपमान. दोन गाण्यांनंतर निम्मे जण भिंतीला टेकले. खरं सांगायचं तर गंज हळू झाला होता. काडीचा आवाज खरखरीत, आणि घाई कमी झाल्यामुळे शब्द समजायला लागले होते. मास्तर तोंड वाकडं करून म्हणाले, “शब्द समजले ना की लक्षात येतं, फार काही म्हणतच नव्हता.” कुणी हसलं, कुणाला राग आला.

शेवटचं गाणं लागलं आणि भिंतीला टेकलेले सरळ उभे राहिले. ते चांगलं होतं. मला गंजचं एकही गाणं कधी आवडलं नाही, हे आवडलं. त्यात एक माणूस म्हणतो की मी नोकरीतून पडलो, घरातून पडलो, स्वतःच्या नजरेतून पडलो. आणि मग पुन्हा पुन्हा एकच ओळ येते: ‘मी मागे बघणार नाही, खाली ती आहे.’ ती ओळ वाढत वाढत जाते, वाद्यं एकदम थांबतात आणि शेवटी फक्त धप्प असा आवाज. पडल्याचा. संपलं गाणं.

सगळे ताईकडे वळले. टाळ्या काय, मिठ्या काय! तिच्या डाव्या खांद्यावर कुणी थाप मारली की ती हसायची, जरा जास्तच मोठ्याने. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “गादी, तुझ्यावर गाणं केलं गं त्याने!” मी मात्र तिच्या खांद्याकडे बघत होते. तो कार्यक्रमात उडी मारणार, हे आता सांगायची गरजच उरली नव्हती. आणि तो आता काडी राहिला नव्हता, अल्बमवरच्या फोटोत दोन जणांची जागा अडवून उभा होता.

घरी येताना मी म्हटलं, “सांगून टाक त्याला.”

“काय सांगू? गाणं परत घे म्हणून?”

“खांदा गेलाय म्हणून सांग! त्यात लाजण्यासारखं काय आहे?”

“तू मध्ये पडायचं नाहीस. शपथ आहे तुला.”

“अगं, तो मरेल! डोक्यावर पडला तर?”

ती चालता चालता म्हणाली, “मला काय कळत नाही का ते?” आवाजावरून कळलं, घाबरली होती ती. माझी ताई, जिला मी मेलेल्या माणसाचे डोळे मिटवतानाही घाबरलेली पाहिली नव्हती.

शपथ काडीला न सांगण्याची होती, मास्तरांना न सांगण्याची नव्हती. मी मास्तरांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि खडूने फळ्यावर अर्धवर्तुळ काढलं. मधे ताई, भोवती टोळीतले धडधाकट लोक. भार वाटून घ्यायचा. ताईला हात वर करावाच लागणार नाही. भूमिती म्हणून योजना झकास होती. ताई आधी माझ्यावर भडकली, पण सरावाला आली.

सराव शाळेच्या व्यायामशाळेत झाला. काडीच्या जागी जाजमासारखी गुंडाळलेली व्यायामाची गादी, दोरीने बांधलेली. दोघांनी ती उंच बाकावर उभी केली. खाली अर्धवर्तुळात टोळी. एकाच्या गुडघ्याला पट्टा, एकाला नुकताच डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, एक बाई कमरेवर हात ठेवून “मी तयार आहे” म्हणतेय. मला हसू आवरेना. ताईही हसत होती.

मग बाकावरची गादी सुटली. आणि मी भिंतीपाशी होते म्हणून मला नीट दिसलं: सगळेच्या सगळे मागे सरकले. फार नाही, अर्धं पाऊल. कुणी ठरवून केलं नाही. ताई तेवढी पुढे गेली. तिने उजव्या हाताने ते गाठोडं छातीशी ओढलं, डावा हात आपोआप वर गेला, आणि ती गादीसकट खाली बसली. मास्तरांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली फुटला.

“जमलं!” कुणीतरी ओरडलं.

ताई पांढरीफटक पडली होती. ती उठली नाही. तिथेच बसून एकेकाच्या पायांकडे बघत होती, ते कुठे होते आणि कुठे आले. मग तिने मास्तरांना जवळ बोलावलं आणि अगदी वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, “मास्तर, तुमची चूक नाही. तुम्हाला कधी पुढे यावंच लागलं नाही. मी होते ना.”

मास्तर खाली मान घालून चष्म्याच्या काचा वेचत राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, “चल, त्याला आधीच सांगून येते.” मला इतकं हलकं वाटलं की मी रस्ताभर बडबडत होते. कार्यक्रम संध्याकाळी लवकर ठेवला होता. गंजच्या चाहत्यांना हल्ली वेळेवर झोप लागते. स्टेजमागच्या खोलीत काडी खुर्चीत बसून गुडघ्यांना चिकटपट्टी गुंडाळत होता. भोवती वर्तमानपत्रवाले, फोटोवाले. ताईला पाहताच तो धडपडत उठला.

“ही बघा! हीच ती! माझा अल्बम समजा ही!” तो फोटोवाल्यांना म्हणाला. “सगळं बदललं. दात गेले, बायको गेली, ड्रमवाल्याला दोनदा हार्टचा झटका आला. पण ही आहे.”

“अरे, ऐक ना,” ताई म्हणाली. “माझा खांदा…”

“तुझा खांदा!” म्हणत त्याने त्याच खांद्यावर जोरात थाप मारली. “या खांद्यावर गंज उभा आहे, लिहून घ्या!”

त्यांनी लिहून घेतलं. ताईचे ओठ घट्ट मिटले, दुखण्याने की कशाने ते मला कळलं नाही. फोटो निघाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. बाहेर आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. भित्री म्हटलं. मोठेपणाला सोकावलेली म्हटलं. तिने कोट काढून माझ्याकडे दिला आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. पहिल्या रांगेत, मधोमध.

कार्यक्रम कसा झाला ते मला विचारू नका. मी फक्त ताईच्या डोक्याकडे बघत होते. माझी पिशवी चष्म्यांनी भरली होती. लोक खूश होते. पांढऱ्या केसांची माणसं पोरांसारखी उड्या मारत होती आणि मध्येच कमरेला हात लावून थांबत होती. मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पुढे गेले नाहीत.

शेवटचं गाणं सुरू झालं. काडी पाठमोरा झाला आणि एकेक पाऊल मागे यायला लागला. ‘मी मागे बघणार नाही.’ अख्खा हॉल म्हणत होता, ‘खाली ती आहे!’ पहिल्या रांगेतले हात वर गेले.

आणि ताईची जागा रिकामी होती.

क्षणभर मला वाटलं, पळाली. देवाशपथ, मला बरं वाटलं. मग मास्तरांनी माझा दंड धरला. ताई स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या चढत होती. एवढ्या वर्षांत ती त्या पायऱ्या कधी चढली नव्हती. वायरींवरून जपून पाय टाकत, वॉर्डात चालते तशी, ती गिटारवाल्याच्या पुढून गेली आणि काडीच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याच्या टाचा कडेला लागलेल्या.

पुढचं मला ताईनेच नंतर सांगितलं. म्हणाली, इतकी वर्षं मी त्याची पाठ पाहिली, तोंड कधी पाहिलंच नाही. त्याने डोळे गच्च मिटले होते. इंजेक्शनच्या आधी पेशंट मिटतात ना, तसे. गालांचं मांस थरथरत होतं. “तो दर वेळी असाच भ्यायचा गं,” ती म्हणाली. “आणि मला वाटायचं, मजा येते त्याला.”

तिने त्याला हात लावला नाही. आधी सांगितलं. माईकमध्ये आलं, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

“मी खाली नाहीये.”

काडीने डोळे उघडले. त्याचं गाणं थांबलं. तो काहीतरी म्हणाला, ते माईकमध्ये आलं नाही. मग ताईने उजवा हात त्याच्या कमरेमागून घातला, त्याला कडेपासून आत घेतला आणि पायऱ्यांकडे न्यायला लागली. तिचे ओठ हलत होते. ते शब्द मला ऐकायची गरज नव्हती. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी ते रोज ऐकलेत. आता डावा पाय. थांब. आता उजवा.

वाजवणारे वाजवतच राहिले. त्या गाण्याला उडीशिवाय शेवटच नव्हता, तर थांबणार कसे? तीच चाल पुन्हा, पुन्हा. शेवटी ड्रमवाल्याचे हात गळाले, आणि मग बाकीचे एकेक करून गप्प झाले. हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. कुणी “फसवलंत!” म्हणून ओरडलं. एक बाई हुंदके देत होती. पहिल्या रांगेतले हात बराच वेळ तसेच वर होते.

मास्तर जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. कुणी साथ दिली नाही, तरी ते थांबले नाहीत.

लोक आपापले चष्मे न्यायला आले आणि घाईने निघून गेले. जे ताईच्या खांद्यावर थाप मारून रडले होते, त्यांनीही माझ्या नजरेला नजर दिली नाही. मला त्यांचा असा संताप आला! माणूस जिवंत खाली उतरला, याचं कुणाला काहीच नव्हतं. पण थोडा वेळ गेल्यावर वाटलं, त्यांचं तरी काय उरलं होतं? आपल्याला झेलणारं कुणीतरी खाली आहे, एवढंच तर ते इतकी वर्षं बघायला येत होते. ते ताईने त्यांच्या डोळ्यांदेखत काढून घेतलं.

मी मागच्या खोलीत गेले. काडी खुर्चीत बसला होता, चिकटपट्टी सोडवत. ताई त्याच्या शेजारी बाकावर. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मला पाहून ताई उठली, आणि तो मान वर न करता म्हणाला, “गादी, मी आता परत नाही वर जाणार.”

“नको जाऊस,” ताई म्हणाली.

“राग आलाय मला तुझा.”

“येऊ दे.”

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, “तू सांगितल्यावर तो काय म्हणाला गं तिथे?”

ती चालायची थांबली. “म्हणाला, मग मी आता कुठे जाऊ?” आणि ती रडायला लागली. भर रस्त्यात, मोठ्याने, लहान मुलासारखी. “मला पण तेच विचारायचं होतं गं. मी कुणाला विचारू?”

वारा सुटला होता. तिचा कोट माझ्या हातात होता. खांदा गेल्यापासून तिने मला कधी कोट घालू दिला नव्हता; दाराआड जाऊन, दात-ओठ खात, स्वतःचा स्वतः घालायची. मी कोट उघडून तिच्या मागे उभी राहिले. अशा वेळी दुखरा हात आधी घालायचा असतो, हे मला तिनेच आईच्या वेळी शिकवलं होतं. मी वाट पाहिली.

तिने मागे वळून बघितलं नाही. डावा हात जेवढा येत होता तेवढा मागे केला, आणि मी बाही पुढे धरली.